पाने किती मांडली आणि पोटे किती भरली
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षण-समितीचा अहवाल आपण आताच ऐकला. वह्या किती वाटल्या, शिष्यवृत्त्या किती दिल्या, मोफत अभ्यासवर्ग किती दिवस भरला, यांचा चोख हिशेब त्यात आहे. देणगीदारांचे ऋण मानावे तेवढे थोडेच. परंतु वर्गास येणारे मूल काय शिकले, याचे उत्तर त्यात नाही. पंगतीला पाने किती मांडली हे आपण मोजले. पोटे किती भरली हे विचारले नाही. हा दोष चिटणीसांचा नव्हे. वर्ग मी चालवितो. दोष माझा आहे.

दिवाळीनंतर सहावीतील एका मुलास मी सहज तिसरीच्या पुस्तकातील उतारा वाचावयास दिला. हजेरी पूर्ण, वह्या स्वच्छ. पण त्याला चार ओळी धड वाचता येईनात. दोन वर्षे तो माझ्यासमोर बसत होता. फळ्यावरचे तो उतरून घेई आणि मी समाधान मानी.

हे दुःख आपल्या एका वर्गाचे नव्हे. मुंबईत 1995 साली स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून ‘असर’ ही पाहणी ग्रामीण भारतात होत आली आहे. स्वयंसेवक घरी जातात, मुलास जवळ बसवितात आणि अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी काय वाचता येते ते पाहतात. 2018 साली पाचवीतील निम्म्याच मुलांना ती गोष्ट वाचता आली. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, 2022 साली, हे प्रमाण शेकडा 43 च्या आसपास उतरले.

मोजल्याने उपायही सापडतो. मुंबई व वडोदरा येथील शाळांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी, ‘बालसखी’ म्हणून, रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून पायाभूत वाचन व गणित शिकवी. काही शाळांत ही सोय तिसरीला, काहींत चौथीला देऊन अभ्यासकांनी तुलना केली. लाभ स्पष्ट दिसला, आणि तो मुख्यतः मागे पडलेल्यांना झाला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्तेर डुफ्लो यांना 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून माझी सूचना अशी. जून, दिवाळी व मार्च अशी तीन वेळा प्रत्येक मुलाची वाचनाची व वजाबाकी-भागाकाराची तोंडी चाचणी घ्यावी. इयत्तेप्रमाणे नव्हे, तर जे येते त्याप्रमाणे गट पाडावेत. चाचणी मी घेऊ नये, दुसऱ्याने घ्यावी. कारण आपलेच शिकविणे तपासताना हात सैल पडतो. अहवालात मुलांची नावे नकोत, केवळ संख्या असावी. शिष्यवृत्तीचा या चाचणीशी संबंध जोडू नये. तसे झाले तर मुले शिकण्याऐवजी चाचणीपुरते पाठ करतील.

तो मुलगा आज दुसरीच्या गोष्टी वाचतो आहे. हळू, पण स्वतः. पुढील वर्षीच्या अहवालात आकडे कदाचित लहान दिसतील. ते खरे असावेत, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.