कुंडी रिकामी नाही!
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



‘बागकामावर दहा मिनिटं बोला’ असं सेक्रेटरींनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं, गच्चीतल्या कुंड्या हलवा असं सांगण्याची ही गोड पद्धत असावी. (हशा)

गुलाब, मोगरा, जास्वंद तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी बोलणार आहे ते कंदवाल्या झाडांवर. एकदा लावली की वर्षानुवर्षं जगतात, पण वर्षातले काही महिने मातीच्या वर एक पानही दाखवत नाहीत. कुंडी रिकामी वाटते, आणि तिथेच घात होतो.

तळमजल्यावरच्या काकूंनी मला भुईचाफ्याचा कंद दिला होता. हा हळदीच्या कुळातला. थंडीत पानं वाळून जातात. मग ऐन उन्हाळ्यात, पान यायच्या आधी, थेट मातीतून पांढरी-जांभळी सुवासिक फुलं वर येतात. एक फूल जेमतेम एखादा दिवस टिकतं, पण मागून दुसरं येतं. काकू गेल्या त्याच वर्षी मी लेकीकडे गेलो असताना गच्चीची सफाई झाली आणि ‘रिकाम्या’ कुंड्या मातीसकट राबिटावर ओतल्या गेल्या. दोष कुणाचाच नाही, पाटी मीच लावली नव्हती. पण तो कंद बाजारातून आणता आला असता, काकूंचा नसता. दोन संध्याकाळी ढिगारा उकरला, तेव्हा बोटाएवढा तुकडा हाती लागला. पुढच्या उन्हाळ्यात नुसती पानं आली. त्याच्या पुढच्या वर्षी एक फूल. त्यांच्या सूनबाईंना हाक मारली. त्या बराच वेळ वाकून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.

आता कर्टुली. पावसाळ्यात स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या मावशींकडून दोन कंद घेतले. वेल जाळीवर झकास चढला, पिवळी फुलं आली, फळ मात्र एकही नाही. खत घातलं, जागा बदलली, सौ.ची बोलणी खाल्ली. अशी तीन वर्षं गेली. शेवटी मावशींना फोटो दाखवला, तर त्या पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. “दादा, दोन्ही नर हायेत!” कर्टुलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. मादीच्या फुलाखाली इवलंसं काटेरी फळ आधीच दिसतं, नराच्या फुलाखाली नुसता देठ. बी लावलं तर फुलं येईपर्यंत काय ते कळत नाही, म्हणून ओळखीच्या वेलाचा कंद घ्यावा. शेतकरी आठ-दहा मादी वेलांमागे एक नर ठेवतात. आपल्याला एकेक पुरे. फुलं संध्याकाळी उमलतात. गच्चीवर पतंग येतील याचा भरवसा नाही, म्हणून मी मोबाइलचा टॉर्च लावून नराचं फूल मादीच्या फुलावर टेकवतो. (‘काका वर काय करतात’ हे आता सगळ्यांना कळलं असेल.) पहिल्या वर्षी अकरा कर्टुली मिळाली. आमची दोघांची एका वेळची भाजी, कांदा जरा जास्त घालून.

एक कबुलीही देतो. तरुणपणी एका गडावरून मी कंदीलपुष्पाचा कंद उपटून आणला होता. त्याच्या फुलाच्या नळीत शिरलेली बारीक माशी आतल्या केसांमुळे अडकते. केस कोमेजले की पराग घेऊन सुटते. हे बघायची मला फार हौस. कुंडीत तो एक पावसाळाही जगला नाही. या झाडांच्या काही जाती आपल्या सह्याद्रीपलीकडे कुठेच नाहीत, तेही एखाद्या उतारापुरत्या. तेव्हापासून डोंगरावरचं काहीही उपटून आणत नाही. शेजाऱ्याकडून घेतो, नाहीतर रोपवाटिकेतून.

भुईचाफा आता चार कुंड्यांत आहे. जानेवारीअखेर कंद सुटे करणार आहे. ज्यांना हवेत त्यांनी बी विंगच्या वॉचमनकडे नाव द्यावं. कुंडी स्वतःची आणा. आणि पाटी मी लिहून देतो, ‘रिकामी नाही’ अशी.