किंमत दुसरा माणूस ठरवतो: घरातलं जुनं सामान लिलावात काढताना

पनवेलहून बोलतोय. गेल्या दोन भागांत बऱ्याच जणांनी विचारलं होतं की घरात पडून असलेलं सामान ऑनलाइन कसं विकायचं, आणि लिलाव लावला तर जास्त पैसे मिळतात का. तर आज तेच.

‘लास्ट किती?’ हा मेसेज ज्याला आलेला नाही, त्यानं अजून काही ऑनलाइन विकलेलं नाही असं समजायचं. तुम्ही फ्रिज पुसता, सहा फोटो काढता, सगळी माहिती नीट लिहिता. पाच मिनिटांत मेसेज येतो: ‘लास्ट किती?’ नमस्कार नाही, चमत्कार नाही. आपलं डोकं फिरतं. पण त्या माणसाच्या बाजूनं बघा. त्याला समोर फक्त तुम्ही दिसताय, दुसरं गिऱ्हाईक दिसत नाही. मग तो किंमत पाडणारच. मी त्याच्या जागी असतो तर मीही पाडली असती.

पहाटे ससून डॉकवर मासळीचा लिलाव होतो तो बघितलाय का कधी? तिथं ‘लास्ट किती’ कोणी विचारत नाही. टोपलीभोवती घेणारे उभे असतात, आणि प्रत्येकाला दिसत असतं की शेजारच्यालाही तीच टोपली हवी आहे. लालबागच्या राजाला आलेल्या दागिन्यांचा दरवर्षी लिलाव होतो. तिथं बोली नुसत्या सोन्याच्या भावावर थांबत नाही, कारण तेवढीच श्रद्धा असलेला अजून कोणीतरी समोर बसलेला असतो.

ईबेनं हेच गणित वेबसाइटवर आणलं. तिथं तुम्ही तुमची सगळ्यात वरची रक्कम गुपचूप भरून ठेवायची, आणि सिस्टम तुमच्या वतीनं गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. समजा एकाला तुमचं कपाट ६,००० पर्यंत चालेल आणि दुसऱ्याला ४,५०० पर्यंत. तर ते ६,००० ला जात नाही, ४,५०० च्या जरा वर जातं. किंमत ठरवली कोणी? ज्याला कपाट मिळालंच नाही त्यानं! विल्यम विकरी नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये अशा लिलावावर लिहिलं होतं. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, त्यात लिलावांवरचं कामही होतं. आपल्याला त्यातलं एवढंच पुरे: दुसरा माणूस आणा. तो नसेल तर लिलाव लावू नका, सरळ किंमत सांगून विका.

आता आपल्याकडची अडचण. भारतात बाझी डॉट कॉम नावाची लिलावाची साइट होती. २००४ मध्ये ती ईबेनं घेतली आणि तिची ईबे इंडिया झाली. २०१७ मध्ये ती फ्लिपकार्टकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. आज आपण जे वापरतो, ओएलएक्स काय किंवा फेसबुक मार्केटप्लेस काय, तिथं बोली नसते. तिथं किंमत लिहायची आणि घासाघीस करायची. प्रत्येक गिऱ्हाईक वेगळ्या चॅटमध्ये, एकाला दुसरा दिसत नाही. म्हणजे सगळा डाव घेणाऱ्याच्या बाजूनं.

म्हणून लिलाव आपला आपणच लावायचा, जिथं सगळे एकमेकांना दिसतात तिथं. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप (ॲडमिनला आधी विचारून, नाहीतर भांडण ठरलेलं), कॉलनीचा फेसबुक ग्रुप, ऑफिसचा ग्रुप.

आमच्या मावशीचं सांगतो. जुन्या पनवेलमधली तिची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याचं घर मिळालं ते वन आरके, आणि सामान चाळीस वर्षांचं. जागा रिकामी करायला तीन आठवडे. त्यात एक तांब्याचा बंब होता. तुमच्यापैकी अनेकांनी बंब पाहिलाही नसेल. अंघोळीचं पाणी तापवायचा, मधल्या नळीत लाकडं आणि कोळसे टाकायचे. भंगारवाल्यानं वजन करून ४,५०० सांगितले. मावशी द्यायला तयार होती.

तिला पैशाची फिकीर कमी आणि लाजच जास्त. ‘घरातली भांडी विकायला काढली म्हटल्यावर लोक काय समजतील? घर बुडालं म्हणतील.’ आपल्या पिढीला हे कळायला जड जातं. तिच्या काळात जुने कपडे बोहारणीला द्यायचे आणि स्टीलचं पातेलं घ्यायचं. ती देवाणघेवाण, त्यात कमीपणा नाही. पण जाहिरात करून विकणं म्हणजे अडचण चव्हाट्यावर मांडणं. मी वाद घातला नाही. लिलाव माझ्या नावानं लावला, फोटो पांढऱ्या चादरीसमोर काढले. घर दिसायला नको, देव्हारा दिसायला नको. हे तसंही चांगलं. फोटोत तुमचं कपाट, दाराची कडी, गल्लीचा बोर्ड कशाला दाखवायचा जगाला?

मेसेज असा होता: ‘तांब्याचा जुना बंब. उंची अडीच फूट. तळाला झीज, पाणी गळतं. एक कान पुन्हा जोडलेला आहे, फोटो ४ पाहा. बोली ५,००० पासून, प्रत्येक बोली किमान २०० नं वाढवावी. रविवारी रात्री ९ वाजता बंद. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटं वाढेल. जिंकणाऱ्यानं त्याच रात्री ५०० रुपये इसार द्यावा, तीन दिवसांत स्वतः घेऊन जावं.’

गळतं हे लिहू नको, असं घरातले सगळे म्हणत होते. पण त्या ओळीमुळेच खरी गिऱ्हाइकं आली. अंघोळीसाठी बंब हवा असणारे बाजूला झाले आणि राहिले शोभेसाठी हवा असणारे. कर्जतकडे होमस्टे चालवणारा एक जण, आणि नवीन पनवेलमधल्या एक इंटिरिअर डिझायनर ताई. या दोघांना गळतीशी काही देणंघेणं नव्हतं. रविवारी आठपर्यंत बोली ६,२०० वर अडकली होती. नऊला पाच मिनिटं असताना ताई उठल्या. शेवटी ९,४०० ला होमस्टेवाल्यांनी घेतला. ताई ९,२०० ला थांबल्या नसत्या तर किंमत अजून वर गेली असती, आणि त्या आल्याच नसत्या तर बंब पाच-सहा हजारांत गेला असता.

ते पाच मिनिटं वाढवणं महत्त्वाचं आहे बरं का. ईबेवर वेळ संपली की संपली. त्यामुळे लोक शेवटच्या दोन सेकंदांत बोली टाकायचे आणि बाकीचे बघत राहायचे. बँकांच्या जप्त घरांचे ई-लिलाव होतात, त्यात वेळ आपोआप वाढते. आपणही तेच करायचं. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे याचं ॲप बनवायचा मोह मलाही झाला होता. गरज नाही. व्हॉट्सॲपवर मेसेजची वेळ दिसते, तेवढं बास. एकच करा, ग्रुपमध्ये ‘फक्त आकडा लिहा’ सांगा, नाहीतर बोलीच्या मधे गुड मॉर्निंगची फुलं येतात.

सुरुवातीची किंमत किती ठेवायची? जी मिळाली तरी तुम्ही रात्री शांत झोपाल ती. कमी ठेवली की गर्दी जमते हे खरं, पण ग्रुपमध्ये वीसच माणसं असतील तर गर्दी जमणार कुठून? तिथं कमी किंमत म्हणजे दान. आणि इसार घ्याच. जिंकलेला माणूस सोमवारी ‘बायको नको म्हणतेय’ म्हणाला तर दुसऱ्या नंबरच्या माणसाला त्याच्या शेवटच्या बोलीला विचारायचं. त्याच्याशी गोड बोलून ठेवा.

दुसरा माणूस वेळेवरही अवलंबून असतो. कूलर मार्चमध्ये काढा, जुलैत त्याला कुत्रं विचारत नाही. टेबल, गादी, इंडक्शन, छोटी कपाटं जून-जुलैमध्ये. कामोठे, खारघर, नवीन पनवेलला बाहेरगावची मुलं कॉलेजसाठी रूम घेतात, तेव्हा चार जणांना एकाच वेळी एकच टेबल हवं असतं. दिवाळीआधी सगळेच जुना सोफा काढतात, त्यामुळे तेव्हा विकणारे फार आणि घेणारे नव्याच्या मागे. पितृपक्षात तर बरेच जण जुनं सामानसुद्धा घरात आणायला नको म्हणतात.

आता फसवणूक. इथं मात्र कान देऊन ऐका, कारण यात लोकांची आख्खी खाती रिकामी झालीत. नमुना ठरलेला आहे. घासाघीस न करता कोणीतरी लगेच हो म्हणतं. ‘मी आर्मीत आहे, बदली झालीये, सामान माझा माणूस नेईल, पैसे आत्ता पाठवतो.’ ओळखपत्राचा फोटोही येतो. मग क्यूआर कोड येतो: ‘हा स्कॅन करा, पैसे जमा होतील.’ यूपीआयमध्ये पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार. ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला पैशाची कलेक्ट रिक्वेस्ट पाठवायची सोय बंद झालीये, पण क्यूआरची युक्ती चालूच आहे. दुसरा प्रकार खोट्या स्क्रीनशॉटचा. स्क्रीनशॉट बघू नका, स्वतःच्या खात्यातली शिल्लक बघा, मगच टेम्पो हलू द्या. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब फोन करा. तिथं जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. आईवडिलांच्या फोनवरून विकत असाल तर हे त्यांना आधी समजावून सांगा, कारण फोन त्यांनाच येणार आहे.

काही वस्तू मुळात विकायच्याच नाहीत. गॅसचा सिलिंडर तुमचा नसतो, तो तेल कंपनीचा असतो. एजन्सीत परत करा, डिपॉझिट मिळतं. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्रं वगैरे असतील तर १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, अशा वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशातल्या गिऱ्हाइकानं कितीही बोली लावली तरी नाही म्हणा. टॅक्सचं विचाराल तर घरातलं वापरातलं सामान, म्हणजे फर्निचर, फ्रिज, भांडी, ही भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे त्यावर कॅपिटल गेन लागत नाही. दागिने आणि चित्रं यांना मात्र ही सवलत नाही.

उचलून न्यायच्या दिवशीचं थोडं. सोसायटीच्या ऑफिसातून गेटपास आधीच घेऊन ठेवा, नाहीतर वॉचमन छोटा हत्ती गेटवरच अडवतो आणि गिऱ्हाईक तेवढ्यात पुन्हा भाव करायला लागतं. घरी दोघं जण तरी असा. फ्रिज उभाच न्यायला सांगा आणि पोचल्यावर काही तास बंद ठेवायला सांगा. नाहीतर रात्री फोन येतो, ‘फ्रिज बिघडलेला दिलात.’ चालू अवस्थेतला छोटा व्हिडिओ त्याच्यासमोरच काढून त्यालाच पाठवा.

जुना फोन आणि लॅपटॉप विकण्याआधी आतला डेटा कसा काढायचा, हा वेगळाच विषय आहे, तो पुढच्या भागात घेऊ. तोवर कोणी लिलाव लावलाच तर बोली कुठून सुरू झाली आणि कुठं थांबली, ते मला कळवा.