शाफ्ट बदलताना पदराचाही विचार करू

 

आज आपण बोलणार आहोत ट्रॅक्टरच्या शाफ्टबद्दल. हा गड्यांचा विषय म्हणून रेडिओ बंद करू नका. भीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, उसाच्या सरीत आणि कांद्याच्या रानात छोटे डिझेल ट्रॅक्टर फिरू लागलेत. काही गटांनी मिळून जुना ट्रॅक्टर घेतलाय, तो रोटरसकट भाड्यानं देतात. कर्जाचा हप्ता आपण भरतो, डिझेलचा हिशेब आपण लिहितो. मग त्याला कोणता शाफ्ट बसवायचा, हेही आपल्याला कळलं पाहिजे.

आधी शाफ्ट म्हणजे काय ते पाहू. ट्रॅक्टरच्या पाठीमागे एक दातेरी दांडा बाहेर आलेला असतो, त्याला पीटीओ म्हणतात. तिथून रोटरपर्यंत इंजिनाची ताकद नेणारा लांब दांडा म्हणजे शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना अधिक चिन्हासारखा एक तुकडा असतो, त्याला मिस्त्री लोक क्रॉस म्हणतात. रोटर वर-खाली झाला तरी या क्रॉसमुळे शाफ्ट वाकडा राहूनही फिरत राहतो. मधला भाग म्हणजे एकात एक सरकणारे दोन पाईप. रोटर उचलला की ते आत-बाहेर होतात.

आमच्या गटाच्या जुन्या ट्रॅक्टरचा शाफ्ट झिजला होता. क्रॉस खडखडत होते, पाईपवरचं प्लॅस्टिकचं कव्हर कधीच गळून गेलं होतं. मिस्त्री म्हणाला, "ताई, मोठ्या ट्रॅक्टरचा जाड शाफ्ट बसवतो, आणि हा सारखा तुटणारा बोल्ट वेल्ड करून टाकतो. पुन्हा बघायला नको." ऐकायला बरं वाटतं. पण बैठकीत एका वहिनींनी विचारलं, "बोल्ट तुटतो तो कशासाठी?" तिथून सगळी चर्चा झाली.

मैत्रिणींनो, तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. आपल्या मिक्सरखाली रबराचा कपलर असतो ना? भांडं अडकलं की कपलर तुटतो आणि मोटर वाचते. तसंच रोटरच्या पात्यात दगड किंवा उसाचं खोडकं अडकलं की हा शिअर बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. बोल्ट वेल्ड केला किंवा त्याजागी सळई ठोकली, तर तो झटका सरळ गिअरबॉक्सवर जातो. बोल्ट सारखाच तुटत असेल, तर रोटर जास्त खोल चाललाय का, पाती वाकलीत का, ते आधी बघायचं. नवा बोल्ट शाफ्टच्या कंपनीनं सांगितलेल्या मापाचा आणि ताकदीचाच घ्यायचा. जास्त कडक बोल्ट म्हणजे वेल्ड केल्यासारखंच.

शाफ्टच्या जाडीचंही तसंच आहे. जाड म्हणजे चांगला, असं नाही. ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा आणि रोटर किती फुटी, हे सांगून त्याला जुळणारा शाफ्ट घ्यायचा.

तिसरी गोष्ट लांबी. शाफ्ट लांब झाला, तर रोटर उचलताना दोन्ही पाईप एकमेकांवर टेकतात आणि बेअरिंग फुटतं. आखूड झाला, तर चालू कामात पाईप सुटून बाहेर येतो. म्हणून रोटर जोडून, इंजिन बंद ठेवून, वर-खाली करून माप घ्यायचं. सर्वात जवळच्या जागीही पाईपला सरकायला थोडी मोकळी जागा हवी, आणि काम करताना दोन्ही पाईप निदान एक तृतीयांश एकमेकांत हवेत. कापायचा झाला तर आतला-बाहेरचा दोन्ही पाईप सारखे कापायचे, कव्हरही तेवढंच.

चौथी गोष्ट जोडणीची. शाफ्ट खोलून पुन्हा जोडताना पाईपच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत यायला हवेत. एक आडवा आणि एक उभा बसला, तर शाफ्ट धक्के देत फिरतो आणि नवे क्रॉससुद्धा लवकर जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कव्हर. पीटीओचा नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे आहे. काही छोट्या ट्रॅक्टरांत त्याहून जास्त. ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. दोन इंच जाडीच्या शाफ्टवर एका फेऱ्यात सहा इंचांहून जास्त कापड गुंडाळलं जातं. हिशेब करा, एका सेकंदात साडेचार फूट. पदराचं टोक अडकलं, तर ओढून घ्यायलासुद्धा वेळ नाही. ओढणी, मोकळी वेणी, शर्टाची बाही, सगळ्याचं तेच. गड्यांच्या अंगात शर्ट-पँट असते, आपण नेसतो साडी. म्हणून कव्हराचा आग्रह आपणच धरला पाहिजे.

कव्हर शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून त्याला छोटी साखळी असते. ती ट्रॅक्टरला अडकवलेली हवी. साखळी नसली तर कव्हरही शाफ्टसोबत गरगर फिरतं आणि त्याचा उपयोग राहत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात गेला तर एक लाख रुपये मिळतात. त्या एका लाखात भाकरी थापणारा हात परत येत नाही.

आमच्या गटानं शेवटी ट्रॅक्टरला जुळणारा, कव्हरसकट नवा शाफ्ट घेतला आणि बोल्ट बोल्टच ठेवला. भाड्यानं देताना आता वहीत तीन गोष्टी लिहितो: कव्हर आहे का, साखळी अडकवली का, ग्रीस दिलं का. साधारण आठ तासांच्या कामानंतर क्रॉसला ग्रीस द्यायचं. रोटरमध्ये गवत अडकलं तर आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, चावी खिशात, शाफ्ट पूर्ण थांबला की मगच जवळ जायचं. चालू शाफ्ट ओलांडायचा नाही. पोरांना तर जवळ फिरकू द्यायचं नाही.

हे सगळं आपल्याला जमेल का, असं वाटत असेल तर पाबळ आठवा. आपल्याच शिरूर तालुक्यात १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातली मुलं-मुली तिथं वेल्डिंगपासून शेतीपर्यंत हातानं काम करून शिकतात. ‘मेकबुल’ नावाचा कमी खर्चाचा छोटा ट्रॅक्टरही तिथं तयार झाला. यंत्राचं काम शिकण्यासाठी आपल्याला लांब बघायला नको.

तर या आठवड्याच्या बैठकीत एक काम करा. ट्रॅक्टर बंद करून, चावी काढून, सगळ्याजणी शाफ्टपाशी उभ्या राहा. हातानं हलवून पाहा, खडखडतोय का. कव्हर बघा, साखळी बघा, बोल्टच्या जागी सळई तर नाही ना, तेही बघा. काही कमी आढळलं, तर ते दुरुस्त होईपर्यंत रोटर भाड्यानं देऊ नका. चार दिवस भाडं बुडालं तरी चालेल.