पार्टीला काय हवं असतं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



बायकांची सुरक्षितता म्हटलं की आपण रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल, पोलीस चौकीबद्दल बोलतो. मी आज दुसऱ्यांची सुरक्षा सांभाळायला गेटवर उभ्या असलेल्या बाईबद्दल बोलणार आहे. नऊ वर्षं मी गार्ड होते. नंतर एजन्सीच्या ऑफिसात कोटेशनं तयार करायचे आणि साहेबांबरोबर ती घेऊन पार्टीकडे जायचे. पार्टी म्हणजे ज्याला गार्ड हवेत तो: सोसायटी, हॉस्पिटल, मॉल, शाळा. एजन्सी निवडताना ही माणसं काय बघतात, ते मी समोर बसून ऐकलंय.

पहिला प्रश्न रेटचा. मग, मिलिटरीतून आलेले आहेत का? उंच आहेत का? दिसायला बरे द्या. बाई हवी असेल तर आणखी अटी. एका पार्टीने सांगितलं, लग्न झालेली नको, सारख्या सुट्ट्या घेते. त्याच आठवड्यात दुसरी म्हणाली, लग्न झालेलीच द्या, उगाच भानगड नको. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत बाईला १५० सेंटीमीटर उंची पुरेशी धरली होती; पार्टीला मात्र पाच फूट चार इंच हवी असायची. त्याच नियमांत गार्डसाठी १०० तासांचा वर्ग आणि ६० तास प्रत्यक्ष सराव ठरवून दिला होता. तो झालाय का, हे मला एकाही पार्टीने विचारलं नाही. २००५ च्या कायद्याप्रमाणे एजन्सीला सरकारी परवाना लागतो, तो ऑफिसात दिसेल असा लावावा लागतो. तो बघायलाही फार थोडे आले.

आता रेटचं बघू, कारण खरी गोम तिथे आहे. ढोबळ हिशोब सांगते, लिहून घ्या. गार्डच्या किमान वेतनाचे १०० रुपये धरा. त्यावर मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १२ रुपये, ईएसआय सव्वातीन रुपये, बोनस निदान ८.३३ रुपये. आठवड्याच्या सुट्टीला जी बदली बाई येते, तिचा सहावा हिस्सा म्हणजे साडेसोळाच्या वर. झाले एकशे चाळीस. गणवेश, पगारी रजा, एजन्सीचा नफा अजून धरलेलाच नाही. आणि पार्टी खुशीने सही करते ती एकशे दहाच्या कोटेशनवर! मधले तीस रुपये कोण सोसतं? एजन्सी तर सोसत नाही. सुट्टी कापली जाते, फंड भरला जात नाही, गणवेशाचे पैसे पगारातून जातात. आठ तासांच्या तीन गार्डऐवजी बारा तासांचे दोन लावतात आणि जादा तासांचा दुप्पट दर कागदावरसुद्धा नसतो.

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मॉल, थिएटर, हॉटेल सगळीकडे पर्स तपासणं सुरू झालं. बाईची झडती बाईनेच घ्यायची, म्हणून 'एक लेडी गार्ड द्या' अशी मागणी वाढली. एक! चार पुरुषांत ती एकटी. चहाला, लघवीला जायचं तर तिच्या जागी उभी राहणारी दुसरी बाई नाही, म्हणून आमच्या मुली सकाळपासून पाणीच पीत नसत. ज्या मॉलची संडासं चकचकीत, तिथेही ती 'कस्टमरसाठी' असतात. खुर्ची तर नाहीच. केरळमध्ये कापडदुकानांतल्या बायका लढल्या, तेव्हा २०१८ साली तिथल्या दुकान कायद्यात बसण्याचा हक्क आला.

पार्टीला आणखी एक गोष्ट फार आवडते. गार्ड पसंत नसेल तर चोवीस तासांत बदलून मिळेल, कारण विचारणार नाही. कोटेशनमध्ये हे वाक्य ठळक असायचं. एका हॉस्पिटलात आमच्या मुलीने तिथल्या अधिकाऱ्याच्या अंगलटपणाची तक्रार केली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "बाई बदला." तिला दोन गाड्या बदलून जावं लागेल अशा साईटवर पाठवलं. महिन्याभरात तिने नोकरी सोडली. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा कंत्राटी बाईलाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं तुम्हांला का सांगते? कारण पार्टी म्हणजे कोणी परका नाही. गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीत बायकांना दोन जागा राखीव आहेत, इथल्या कितीतरी जणी त्यावर बसतात. कोणी वसतिगृह चालवतं, कोणी शाळेच्या समितीवर आहे. बायकांच्या वसतिगृहातही माझ्या कोटेशनवर पहिली घासाघीस रेटचीच झालेली आहे.

दुसरी वाट आहे. माथाडी कामगारांच्या १९६९ च्या कायद्याच्या धर्तीवर १९८१ साली महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला. मालकाने मंडळाकडे नोंदणी करायची, मंडळ गार्ड देतं, पगार आणि फंड मंडळाच्या हातून जातो. महाग पडतं म्हणतात. पडणारच, वरचा हिशोब पुन्हा बघा.

आमच्या भागातल्या एका सोसायटीचं कंत्राट आता नव्याने व्हायचंय. कमिटीवरच्या दोघींना मी पाच प्रश्न लिहून दिलेत: परवाना दाखवा. फंडाच्या चलनात आमच्या गार्डची नावं दाखवा. रिलीव्हर कोण? संडास कुठला वापरायचा? बाई बदलायची तर आधी तिचं म्हणणं कोण ऐकणार? सेक्रेटरी म्हणाले, एवढं विचारलं तर कोणी एजन्सी येणार नाही. मंगळवारी मीटिंग आहे, दोघी जाणार आहेत.