राबणाऱ्या हातांचं नाव कागदावर कुठे?

 

आज आम्ही तुम्हाला सातासमुद्रापलीकडे नेणार आहोत. उत्तर अमेरिकेत, आज ज्याला कॅनडा म्हणतात त्या मुलखात. तिथल्या मूळ लोकांना आपण ‘रेड इंडियन’ म्हणून ऐकलेलं असतं. पण हे नाव बाहेरच्यांनी चिकटवलेलं. कोलंबस निघाला होता आपल्याकडे यायला, पोहोचला भलतीकडे, आणि समोर दिसले त्यांना ‘इंडियन’ म्हणाला. त्यांची स्वतःची नावं आहेत. वेंडाट, मोहॉक, क्री, डेने, अशा कितीतरी जमाती. प्रत्येकीची भाषा वेगळी, रीत वेगळी.

फ्रान्सचे आणि इंग्लंडचे लोक तिथे आले तेव्हा सुरुवातीला काय झालं? गोरे आले आणि त्यांनी लगेच सगळं जिंकलं, असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. पहिली दीड-दोनशे वर्षं गोऱ्यांचं पान मूळ लोकांवाचून हलत नव्हतं. आणि मूळ लोक म्हणजे नुसते तिरकमठेवाले पुरुष नव्हेत. त्यात बायका होत्या.

१५३५ सालची गोष्ट. जाक कार्तिए नावाचा फ्रेंच दर्यावर्दी आजच्या क्वेबेक शहराजवळ हिवाळ्यात अडकला. नदी गोठली, जहाजं बर्फात रुतली. माणसांच्या हिरड्या सडायला लागल्या, पाय सुजून काळे पडले. ताजं अन्न नसलं की क जीवनसत्त्व मिळत नाही, त्यातून होणारा हा आजार. ११० माणसांपैकी सुमारे २५ दगावली. तेव्हा तिथल्या मुखियाच्या मुलाने, डोमागायाने, एका झाडाचं औषध सांगितलं. दोन बायका गेल्या, फांद्या घेऊन आल्या. साल आणि पाला उकळून काढा कसा करायचा ते त्यांनी दाखवलं. माणसं वाचली. वसंत ऋतू आला तसं कार्तिएने त्याच मुखियाला, डोनाकोनाला, धरून फ्रान्सला नेलं. तो परत आलाच नाही, तिकडेच वारला. आणि त्या दोन बायका? कार्तिएच्या वृत्तांतात त्या आहेत, पण नावाशिवाय.

पुढे १६०८ मध्ये सॅम्युएल द शांप्लें याने क्वेबेकला फ्रेंचांची वसाहत घातली. १६७० मध्ये इंग्रजांची हडसन बे कंपनी निघाली. दोघांना हवं होतं बीव्हर या प्राण्याचं कातडं. युरोपात त्याच्या मऊ लवेच्या टोप्यांना मोठी मागणी होती. शिकार पुरुष करायचे. पण कातडं सोलणं, खरवडणं, कमावणं बायकांकडे. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून पायाला बांधायची जाळीची चौकट असते, तिची जाळी बायका विणायच्या. भूर्जाच्या सालीच्या होड्या मुळांच्या दोऱ्यांनी शिवून त्यांना डिंक लावायच्या. मांस वाळवून, कुटून, चरबीत कालवून महिनोन्‌महिने टिकणारी शिदोरी करायच्या. व्यापारी त्याच शिदोरीवर जगायचे. कितीतरी गोऱ्या व्यापाऱ्यांनी तिथल्या रीतीने तिथल्याच बायका केल्या. बायको आली की भाषा आली, सोयरे आले, वाट आली.

एक नाव मात्र उरलं. थानाडेल्थर. डेने जमातीची तरुण मुलगी. क्री लोकांनी तिला पकडून नेलं होतं. ती निसटली आणि १७१४ मध्ये इंग्रजांच्या यॉर्क फॅक्टरी या ठाण्यावर पोहोचली. डेने आणि क्री यांचं वैर मिटवल्याशिवाय इंग्रजांचा व्यापार वाढणार नव्हता. १७१५ मध्ये इंग्रजांनी सुमारे १५० क्री माणसं तिच्यासोबत पाठवली. वाटेत उपासमार झाली, बरेच मागे फिरले. उरलेल्यांना ती म्हणाली, दहा दिवस थांबा. दहाव्या दिवशी ती आपल्या शंभरावर माणसांना घेऊन परतली. त्यांची समजूत घालताना बोलून बोलून तिचा घसा बसला होता. तह झाला. १७१७ मध्ये ती वारली. ठाण्याच्या इंग्रज प्रमुखाच्या रोजनिशीत तिचा उल्लेख आहे ‘गुलाम बाई’ असा.

आता नात्याची गोष्ट ऐका. फ्रेंच गव्हर्नरला अनेक जमाती ‘बाप’ म्हणायच्या. फ्रेंचांना वाटलं, बाप म्हणजे हुकूम करणारा. पण मोहॉक, वेंडाट यांच्यात कूळ आईकडून चालतं. तिथे मुलाला धाक मामाचा. बाप म्हणजे माया करणारा, देणारा. म्हणून दरवर्षी भेटवस्तू देणं हे बापाचं कर्तव्य. ती भीक नव्हती, आहेर होता. नातं चालू आहे याची खूण होती. १७०१ मध्ये मॉन्ट्रियलला सुमारे ४० जमातींचे १३०० लोक जमले आणि मोठा तह झाला. मुखियांनी सही म्हणून आपापल्या कुळाची, गावाची चित्रं काढली.

फ्रेंच मनाने फार चांगले होते, असं आम्ही म्हणत नाही. ते थोडे होते. १७६० च्या सुमारास तिथे फ्रेंच जेमतेम ७० हजार, तर इंग्रजांच्या वसाहतींत १५ लाखांवर माणसं. फ्रेंचांना सोबत हवी होती, म्हणून त्यांनी आहेर चालू ठेवला. इंग्रजांना हवी होती जमीन. आणि दोघांनी आणलेल्या रोगांनी तर आधीच घात केला होता. १६३० नंतरच्या दहा वर्षांत वेंडाट लोक निम्मे उरले.

इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं. १७६३ मध्ये पॅरिसला तह झाला. त्याच तहात आपल्याकडची पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळाली, आणि कॅनडा इंग्रजांना गेला. ज्यांची जमीन, त्यांना कुणी विचारलं नाही. इंग्रज सेनापती ॲमहर्स्टने आधीच आहेर बंद केला होता, बंदुकीची दारू देणं आवळलं होतं. ओडावा जमातीचा मुखिया पाँटिॲक आणि अनेक जमाती उठल्या. एका किल्ल्यातून तर इंग्रजांनी देवीच्या रुग्णांची पांघरुणं भेट म्हणून दिली.

लढाईने इंग्रज जागे झाले. राजाने त्याच वर्षी जाहीरनामा काढला, की मूळ लोकांची जमीन कुणी परस्पर घ्यायची नाही, त्यांच्या जाहीर सभेत सरकारनेच घ्यायची. १७६४ मध्ये नायगाराला दोन हजारांवर लोक जमले. शिंपल्याच्या मण्यांचे पट्टे देऊन शब्द दिला-घेतला गेला. मूळ लोकांसाठी तो पट्टा हाच दस्त. इंग्रजांसाठी दस्त म्हणजे त्यांच्या भाषेतला कागद. पुढे वाद झाले तेव्हा कागद वर ठरला.

आणि त्या कागदावर बायका नव्हत्याच. मोहॉकांमध्ये मुखिया निवडायचा आणि चुकला तर काढायचा अधिकार कुळाच्या आईचा. पण गोऱ्यांनी बोलणी केली ती पुरुषांशी. १८६९ मध्ये कायदाच आला. बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलेल्या बाईचा जमातीतला हक्क गेला. पुरुषाने बाहेरची बायको केली तर त्याचा हक्क शाबूत. सँड्रा लव्हलेस ही बाई हे गाऱ्हाणं थेट संयुक्त राष्ट्रसंघाकडे घेऊन गेली. १९८१ मध्ये तिथे तिच्या बाजूने निर्णय झाला, आणि १९८५ मध्ये कॅनडाने कायदा बदलला. मध्ये ११६ वर्षं गेली.

मैत्रिणींनो, गरज होती तोवर त्या बायकांवाचून कुणाचं चाललं नाही. गरज सरली, आणि हातात राहिला दुसऱ्याने लिहिलेला कागद. म्हणून या महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली की एवढं करा. आपण राबतो त्या शेताच्या सातबाऱ्यावर, राहतो त्या घराच्या उताऱ्यावर नाव कुणाचं आहे, ते एकेकीने सांगा. नाव नसेल तर ते लावायला काय करावं लागतं, ते तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत सगळ्या मिळून विचारायला जाऊ. आणि गटाचा ठराव मोठ्याने वाचून झाल्याशिवाय सहीला हात लावायचा नाही, अंगठ्यालाही नाही.