दगडफुलाचं एक पान



गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो. ते फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने नांदतात, त्याला शैवाक म्हणतात. दगडफूल हे त्यातलंच.

मसाला करताना आमच्या गटात प्रश्न निघाला, हे येतं कुठून? दुकानातल्या पोत्यावर गावाचं नाव नसतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मात्र शैवाकांचे वाळवलेले नमुने जपून ठेवलेत. अशा नमुन्यासोबत लिहिलेलं असतं: कुठे मिळालं, कोणत्या झाडावर की दगडावर, कोणत्या तारखेला, कुणी गोळा केलं. म्हणून कितीही वर्षांनी तिथे जाऊन पाहता येतं, ते अजून आहे का? नसेल तर झाडं तुटली, हवा बिघडली की माणसांनी ओरबाडलं, याचा शोध घेता येतो.

शैवाक फार सावकाश वाढतं, बहुधा वर्षाला काही मिलिमीटरच. खरवडायला मात्र एक सकाळ पुरते.

म्हणून आम्ही ठरवलंय, उभ्या झाडावरचं खरवडायचं नाही. दिसलं की जागा, झाड, तारीख लिहायची. बचतीची वही आपण ठेवतोच. त्यात हे एक पान तुम्हीही वाढवा. आपल्या लेकींना ते उपयोगी पडेल.