वेगळ्या स्पीडची रॅम एकत्र चालते का?

आजचा प्रश्न खूप जणांना पडतो: जुन्या कॉम्प्युटरमध्ये १३३३ची रॅम आहे, बाजारात १६००ची मिळतेय. दोन्ही एकत्र लावल्या तर चालेल का?

चालतं. बैलजोडीत एक तरणा खोंड आणि एक थोराड बैल जुंपला तर काय होतं? जू एकच, त्यामुळे दोघांची चाल थोराड बैलाची. तसंच इथे. प्रत्येक स्टिकवर एक बारकी चिप असते, तिच्यात त्या रॅमची माहिती लिहिलेली असते. कॉम्प्युटर चालू होताना बायोस ती वाचतो आणि दोघींना झेपेल असा स्पीड ठरवतो. म्हणजे १३३३.

मी बारामतीचा, मावसभावाचं इंदापुरात ऑनलाइन फॉर्मचं दुकान. पीकविम्याची मुदत दोन दिवसांवर, बाहेर रांग, आणि मशीन दर फॉर्मला अडकतंय. फोनवर म्हणाला, "दादा, इथला एक जण म्हणतोय वेगळी रॅम टाकली तर बोर्ड जळेल, नवीन कॉम्प्युटरच घे." हंगामाची कमाई त्यातच गेली असती. त्याच्याकडे आय-थ्री २१२०, एच६१ बोर्ड, दोन स्लॉट आणि २ जीबीची एकच स्टिक. आता गंमत बघा, तो प्रोसेसरच १३३३च्या वर जात नाही. १६००च्या दोन स्टिक लावल्या असत्या तरी स्पीड तोच! मी म्हटलं, ४ जीबीची सेकंडहँड १६०० घे बिनधास्त.

कारण खरं दुखणं स्पीडचं नव्हतंच. १३३३ची एक स्टिक सेकंदाला साधारण १०.६ जीबी डेटा देऊ शकते, १६००ची १२.८. जुनी हार्ड डिस्क? शंभर-दीडशे एमबी, तेही नशीब चांगलं असेल तर. रॅम भरली की विंडोज डिस्कवर सामान टाकायला लागतं, आणि तिथे मशीन गुडघे टेकतं. २ जीबीचे ६ जीबी झाले की तो प्रकार बराच थांबतो. २ आणि ४ अशी विषम जोडी असली तरी त्या बोर्डावर दोन्हीकडचे २-२ जीबी ड्युअल चॅनलमध्ये चालतात, उरलेले २ सिंगलमध्ये.

घेताना बघायचं ते वेगळंच. डीडीआर३च्या बोर्डात डीडीआर४ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. दाबून बसवू नका. आणि "फक्त एएमडीसाठी" म्हणून स्वस्तात विकतात ती रॅम इंटेलच्या बोर्डावर सहसा चालत नाही. दुकानदाराला आधी विचारा, परत घेणार का.

लावल्यावर टास्क मॅनेजरमध्ये, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे स्पीड दिसतो. पण एवढ्यावर गिऱ्हाईक घेऊ नका. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तर एकेक स्टिक काढून पुन्हा तपासा. खराब रॅम नेहमी बंद पडून सांगत नाही. कधी सेव्ह केलेल्या फाईलमधला एखादा आकडाच बदलतो. शेतकऱ्याच्या फॉर्मवर खाते नंबर चुकला तर तो कुठे शोधत बसणार?

पुढचे पैसे जमले की एसएसडी घ्या, रॅमचा स्पीड वाढवायच्या मागे लागू नका.